मकराचं धड

थोरली जाऊ लाकडाशी बोलायची.

तशी लाकडाशी बोलणारी माणसं काही कमी नसतात. गाठ आडवी आली की कुठलाही सुतार फळीच्या सात पिढ्या उद्धरतो. थोरलीचं बोलणं त्यातलं नव्हतं. ती समोरच्या ओंडक्याला सांगायची, "चहा ठेवलाय. गार होईल." ओंडका चहा पीत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. चहा प्यायची ती चार हातांवर पाठ करून बसलेली धाकटी जाऊ. लेकी बोले सुने लागे, तसला कारभार. धाकटीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती, कारण तिची गुरू थोरलीच होती. ती उठायची, कप उचलायची आणि भिंतीवर टांगलेल्या करवतीला म्हणायची, "साखर जास्त झालीय."

नऊ वर्षं दोघींनी एका छपराखाली काम केलं, एका चुलीवरचं खाल्लं आणि एकमेकींशी चकार शब्द काढला नाही. मध्ये दूत एकच, धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर. दुकानातलं रंगकाम त्याच्याकडे होतं म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणायचे, बायकोसुद्धा. "वहिनी विचारतायत, खिळे आणलेस का" आणि "हिचं म्हणणं, खिळे तुमच्याच पेटीत आहेत" अशा फेऱ्या तो दिवसभर मारायचा. आपले गुडघे या फेऱ्यांनीच गेले, अशी त्याची तक्रार होती.

दुकान म्हणजे घरामागची एक लांबलचक खोली. वर पत्रा, एका बाजूला हातगाडी आत येईल एवढं दार, जमिनीवर घोट्यापर्यंत ढलप्या. जत्रेत, बागेत लाकडी प्राण्यांवर पोरांना बसवून गोल फिरवतात ना, त्या चक्रीचे प्राणी इथे घडायचे. हा धंदा सासऱ्यांनी सुरू केला. त्यांना मुलगे दोन, पण थोरल्याला लाकूड विकण्यात रस आणि धाकट्याला रंगवण्यात. पटाशी हातात धरली ती सुनांनी. सासऱ्यांनी कामं वाटून दिली होती. डोकी थोरलीची. पाय आणि शेपट्या धाकटीच्या. मधलं धड म्हणजे फळ्या चिकटवून केलेली पोकळ पेटी, ती रंगाऱ्याची. डोकं, पाय, शेपूट, प्रत्येकाच्या मुळाशी एक खुंटा ठेवायचा, आणि धडाला तेवढ्याच मापाची खोबण. सरस लावला, खुंटा खोबणीत ठोकला, की प्राणी उभा. आणखी एक नियम होता. दुसऱ्याच्या कामाला आपली पटाशी लावायची नाही. सासरे गेले, पण नियम राहिले.

थोरलीची डोकी बघायला लोक लांबून येत. धाकटी तिच्याशी बोलत नव्हती हे खरं, पण तिचे हात बघायची ती कधी थांबली नाही. ओंडका आला की थोरली दोन दिवस त्याला हातच लावायची नाही. नुसती भोवती फिरायची, बोटांनी टकटक करायची, वास घ्यायची. मग एका सकाळी चष्म्याची दोरी मानेमागे घट्ट बांधून बसायची आणि सुरुवात करायची ती कानांपासून. बाकीचे कारागीर आधी नाक काढतात, कारण नाक पुढे असतं. थोरली म्हणायची, जनावर आधी ऐकतं, मग वळतं, मग बघतं. तिने काढलेल्या घोड्याकडे बघितलं की वाटायचं, याने आपलं पाऊल ऐकलेलं आहे.

तोंडाने मात्र ती फटकळ. एकदा एक जत्रेवाला आला. त्याला सगळे घोडे हसरे हवे होते, पोरांना बरं वाटतं म्हणाला. थोरली पटाशी पुसत म्हणाली, "घोडा हसत नाही. हसणारं जनावर हवं असेल तर आरशात बघा." गिऱ्हाईक गेलं. तीन महिन्यांनी तेच परत आलं आणि न हसणारे सहा घोडे घेऊन गेलं.

तिचा नवरा गेला तेव्हा धाकटी लग्न होऊन नुकतीच घरात आली होती. घरात माणसांची रीघ, आणि थोरली कुठे दिसेना. धाकटी शोधत दुकानात गेली, तर ही एका अर्धवट उंटासमोर बसलेली. उंटाचा एक डोळा झालेला, एक राहिलेला. "एका डोळ्याने बघत बसलाय कधीचा," थोरली म्हणाली, "त्याचं काय चुकलं?" तिने तो दुसरा डोळा पुरा केला आणि मग तिथेच, उंटाच्या मानेला मिठी मारून रडली. धाकटी दारात उभी होती. या बाईच्या हाताखाली शिकायचं, हे तिने त्या दिवशी ठरवलं. पुढे थोरलीनेच तिच्या मागे उभं राहून, तिचे हात आपल्या हातात धरून तिला पटाशी शिकवली. ढकलायची नाही, जाऊ द्यायची, एवढंच सांगायची.

मग ती सिंहाची भानगड झाली. एवढी वर्षं शेपट्या कोरून धाकटीला वाटलं, आपणही एक डोकं करून बघावं. थोरली हो म्हणाली. धाकटीने महिनाभर खपून सिंहाचं डोकं केलं, झाकून ठेवलं आणि दोन दिवस माहेरी गेली. परत आली तर सिंहाचे डोळे बदललेले. पापणी खोल गेलेली, बुबुळावर एक तिरपा छाट, आणि त्या छाटाने सिंह जिवंत झालेला. थोरलीने पटाशी लावली होती. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं आणि डोळ्यांवर फिदा झालं. थोरली कडेला उभी राहून गप्प. सगळी वाहवा धाकटीच्या पदरात पडली, आणि ती तिला गिळताही येईना आणि थुंकताही येईना. थोरलीने सिंह बिघडवला असता तर धाकटीने चार दिवस भांडून सोडून दिलं असतं. पण सिंह सुधारला होता. ते कसं माफ करायचं?

त्या दिवसापासून अबोला. सुरुवातीला दोघींनाही वाटलं, आठवडाभर चालेल. मग आधी कोण बोलणार यावर अडलं. मग सवय झाली.

आता दुकानाचेही दिवस फिरले होते. प्लास्टिकचे प्राणी आले, हलके, धुता येणारे, एका छापाचे. धाकटीची लेक दुसऱ्या शहरात होती. ती म्हणू लागली, आई, बाबांचे गुडघे बघ, इकडे या कायमचे, मोठं घर आहे. धाकटीने बरेच दिवस काढले, शेवटी हो म्हणाली. हातातलं काम पुरं करून जायचं ठरलं. ही बातमी रंगाऱ्याने वहिनींना सांगितली, आणि परत येऊन बायकोला त्यांचा जबाब सांगितला.

"काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या."

"आणखी?"

"एवढंच. बरं."

धाकटीला हे 'बरं' फार लागलं. थांब म्हणेल अशी तिची अपेक्षा नव्हती, निदान तसं ती स्वतःला सांगत होती. पण इतकी वर्षं जिच्या हाताखाली आणि जिच्या शेजारी काम केलं, त्या बाईने जाण्याआधी एकदा तरी आपल्या कामाकडे बघून काहीतरी म्हणावं. चांगलं म्हणावं, नाहीतर वाईट म्हणावं. गिऱ्हाइकांच्या कौतुकाचं काय, ती रंगालाही भुलतात. थोरलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपण नक्की कोण, चांगल्या कारागीर की नुसत्या शेपट्यावाल्या, हे धाकटीला कळणार नव्हतं. आणि आता दिवस थोडे उरले होते.

हातातलं काम होतं वेधशाळेचं. तिथल्या बागेत बारा राशींची चक्री बसायची होती. अकरा प्राणी झाले होते. मेंढा, बैल, सिंह ही तर घरचीच कामं. तराजूच्या दोन पारड्यांत दोन पोरं बसणार होती. धनुर्धारी अर्धा घोडा आणि अर्धा माणूस, पण घोड्याचं धड नेहमीचंच, मानेच्या जागी माणूस ठोकला की झालं. राहिला होता मकर. त्याच्यासाठी वेधशाळेचे सर स्वतः आले, बगलेत खाकी कागदाची गुंडाळी घेऊन. उंच, वाकलेले, बोलताना चहा विसरणारे गृहस्थ. त्यांनी कागद भिंतीवर लावला. पुढून बोकड, शिंगं, दाढी, दुमडलेले दोन पाय. मागून मासा, वेटोळं घालून वर उचललेली शेपटी. आणि बरोबर मध्ये कोळशाची एक उभी रेघ.

"हे जनावर फार जुनं आहे," सर म्हणाले. "दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या देशात माणसं चार हजार वर्षांपूर्वी हे दगडावर कोरायची. गोड्या पाण्याचा एक शहाणा देव होता त्यांचा, त्याचं हे जनावर. पुढे समुद्रापलीकडच्या लोकांनी त्याची वेगळीच गोष्ट रचली. बोकडाच्या पायांचा एक देव राक्षसाला घाबरला, घाईत नदीत उडी मारली आणि रूप बदलायला गेला, ते अर्धंच बदललं. पाण्याखाली होता तेवढा मासा झाला, वर होता तेवढा बोकड राहिला. आणखी पूर्वेकडे गेलं की यालाच हत्तीची सोंड येते, मगरीचा जबडा येतो, आणि हा नद्यांचं, समुद्राचं वाहन होतो."

"म्हणजे ज्याला जे जमलं ते त्याने जोडलं," थोरली म्हणाली.

"तसंच म्हणा. आकाशाचा तो भागच ओला आहे. याच्या शेजारी पाण्याचा घडा घेतलेला माणूस, पलीकडे दोन मासे, खाली देवमासा. जुन्या लोकांनी तिथे समुद्रच मानला होता. दोन हजार वर्षांपूर्वी वर्षातला सगळ्यात लहान दिवस यायचा, तेव्हा सूर्य या मकराच्या घरात असायचा. तिथे खाली बुडी मारायची आणि तिथूनच पुन्हा वर चढायला लागायचं. खोल जातो तो मासा, चढतो तो बोकड, असं काही जण म्हणतात. खरं कारण मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही."

"आणि पाण्यात हा खातो काय?" थोरलीने विचारलं. "बोकडाला पाला लागतो."

सरांनी यावर खरोखर विचार केला. "हे कोणी लिहून ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

थोरलीने मग हट्टच धरला. ज्याला कोरायचं त्याला आधी बघायचं. म्हणून एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, तिघंही वेधशाळेच्या गच्चीवर गेली. सरांनी दक्षिणेकडे बोट दाखवलं. तिथे काय असावं? मिणमिणत्या ताऱ्यांचा एक वाकडातिकडा त्रिकोण. थोरली बराच वेळ मान वर करून उभी होती. मग म्हणाली, "एवढ्यावरून त्यांना बोकड दिसला. आपल्यासमोर तर अख्खा ओंडका आहे."

सर म्हणाले, "यातला सगळ्यात तेजस्वी तारा शेपटीत आहे." धाकटीने शेपटीकडे बघितलं आणि तिची मान आपोआप ताठ झाली. "आणि शिंगाजवळ बघा, नीट नजर असेल तर एकाला लागून एक असे दोन तारे दिसतील. दिसतात अगदी शेजारी. पण एक दुसऱ्याच्या कितीतरी मागे आहे, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही."

रंगाऱ्याला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.

काम सुरू झालं. दोघी पाठीला पाठ लावून बसल्या, एकीच्या पुढ्यात अंगाशी दुमडलेल्या पायांसकट बोकड, दुसरीच्या पुढ्यात मासा. धाकटीने मनाशी पक्कं केलं होतं, ही आपली इथली शेवटची शेपटी, ती अशी करायची की बघणाऱ्याचा हात तिच्यावरून फिरल्याशिवाय राहू नये. नेहमीसारखे एका मापाचे खवले तिने कोरले नाहीत. मुळाशी मोठे, वळणावर दाटलेले, टोकाकडे बारीक होत गेलेले, आणि प्रत्येकाची कड जराशी उचललेली, की उजेड तिरका पडला तर ओलं दिसावं. जेवायची शुद्ध राहायची नाही. थोरलीला या वेळी नेहमीपेक्षा बराच उशीर लागत होता. वय झालं, असं धाकटीने मनात म्हटलं आणि त्याचं तिला वाईटही वाटलं. मापांची ने-आण रंगारी करत होता. थोरलीने विचारलं, खुंटा किती जाड? तो म्हणाला, तीन बोटं. धाकटीने विचारलं, खुंटा किती जाड? तिलाही म्हणाला, तीन बोटं. माणूस इमानी होता, पण विचार करणं हे दूताचं काम नसतं.

जोडायचा दिवस आला. रंगाऱ्याने सरस गरम केला. थोरलीने बोकड ढकलत आणला, धाकटीने मासा. फडकी काढली. बोकडाच्या मागून तीन बोटं जाड खुंटा बाहेर आला होता. माशाच्या पुढूनही तीन बोटं जाड खुंटा बाहेर आला होता. दोन्ही खुंटे समोरासमोर, तोंडं फुगवून उभे.

सरस भांड्यात बुडबुडत होता.

"वहिनी," रंगारी हळूच म्हणाला, "खोबण कुठाय?"

थोरली बोकडाला म्हणाली, "डोक्याला खुंटा असतो. मामंजींच्या काळापासून."

धाकटी करवतीला म्हणाली, "शेपटीलाही खुंटाच असतो. खोबण धडाला असते."

मग दोघींनी एकदमच रंगाऱ्याकडे बघितलं. धड त्याचं खातं. तो भिंतीवरच्या चित्रापाशी गेला, नाक लावून बघितलं, आणि म्हणाला, "पण याला धड नाहीच. रेघेच्या अलीकडे बोकड, पलीकडे मासा. मी कशाचं करू?"

खरंच होतं. चार हजार वर्षांचं जनावर, आणि त्याला डोकं होतं, शेपूट होती, धड नव्हतं. तिघंही दुकानाच्या नियमाने वागली होती आणि तिघांचंही बरोबर होतं. एकीने खुंटा कापून खोबण पाडली असती तर जोडकाम झालं असतं. पण कापायचा कोणी? आणि थोरली चित्राकडे बघता बघता एकदम म्हणाली, "अगं, पण मग पोरं बसणार कुठे?"

हे तिने बोकडाला विचारलं नव्हतं. बोकडाला कोणी 'अगं' म्हणत नाही.

धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "खुंट्यावर."

आणि ती हसली. हसू दाबायला गेली तर ते नाकातून बाहेर आलं. थोरलीने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. रंगारी म्हणाला, मी चहा टाकतो, आणि सटकला. त्याला चहा करता येत नव्हता. पण कधी निघून जायचं हे त्याला बरोबर कळायचं.

धड करायला हवं होतं, तेही भरीव, कारण त्याच्यावरच बोकड संपून मासा सुरू व्हायचा होता. चार दिवसांनी ट्रक येणार होता आणि ट्रकच्या दुसऱ्या दिवशी धाकटीची गाडी. योग्य लाकडाचा एकच तुकडा उरला होता, हात-दीड हात लांब. त्यावर पाठीला पाठ लावून काम करता येईना. दोघी त्याच्या दोन बाजूंना तोंडाला तोंड करून बसल्या, गुडघे जवळजवळ टेकलेले. पहिल्या दिवशीचं बोलणं म्हणजे "सरक", "धर", "फिरव", "थांबा जरा". नऊ वर्षांनंतर माणसं यापेक्षा मोठं काही बोलतात अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे.

थोरली पुढून केस कोरत येत होती. धाकटी मागून खवले कोरत येत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघींच्या पटाश्यांमध्ये चार बोटांची जागा उरली, आणि थोरली थांबली. चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. लाकडावरून अंगठा फिरवला.

"इथून पुढे मला येत नाही," ती म्हणाली.

धाकटीला आधी वाटलं, आपण ऐकण्यात चूक केली. हे वाक्य या बाईच्या तोंडून घरात कोणी ऐकलेलं नव्हतं.

"केसाचा खवला कसा करायचा?" थोरलीने विचारलं. "केस बारीक, खवला रुंद. केस पडतो, खवला बसतो. मी रात्री अंथरुणात याचाच विचार करतेय. मला दिसतच नाही. तुला दिसतंय का?"

धाकटीला दिसत होतं. शेपटी करतानाच दिसलं होतं. "केसांची बट घ्यायची," ती म्हणाली, "ओली झालेली. ओल्या बटा चिकटतात ना, तशी. तिचं टोक जरा रुंद करायचं. पुढच्या ओळीला आणखी रुंद, आणि कड उचलायची. मग त्याच्यावर दुसरी बट टेकवायची. तिसऱ्या ओळीला कोणी सांगू शकणार नाही की केस आहेत की खवले."

थोरलीने करून बघितलं. पहिली बट बिघडली. दुसरी बरी आली. मग तिने पटाशी खाली ठेवली आणि लाकूड धाकटीकडे फिरवलं, आपल्या बाजूने. "माझ्या ओळीला लाव तुझी पटाशी."

"नियम आहे, जाऊबाई."

"आहे ना. मीच मोडला पहिला. आता तू मोड."

धाकटीने पटाशी लावली. थोरली वाकून बघत होती, शिकणारं माणूस बघतं तशी, तोंड जरा उघडं ठेवून.

"तेव्हा विचारलं असतंत," धाकटी मान वर न करता म्हणाली, "तर मीच तुमच्या हातात दिला असता सिंह."

"विचारायची अक्कल नव्हती. तो आंधळा दिसत होता, मला राहवेना. काय केलं ते मागाहून कळलं. पण तोवर तू तोंड फिरवलं होतंस, आणि मला तोंड कुठे होतं?"

आता नाही विचारलं तर कधीच नाही, हे धाकटीला कळत होतं. तिने पटाशी उचलून धरली. "जाऊबाई, माझं काम कसं आहे? खरं सांगा. मी परवा चाललेय."

थोरलीने बोकडाच्या डोक्याकडे मानेने खुणावलं.

"हे तिसरं आहे," ती म्हणाली.

"तिसरं काय?"

"डोकं. पहिलं झालं होतं, चांगलंच झालं होतं. मग तू जेवायला गेलीस आणि मी तुझी शेपटी बघितली. परत येऊन माझ्या बोकडाकडे बघितलं, तर तो त्या शेपटीला शोभेना. फोडला. दुसरा केला, तोही फोडला. याला म्हटलं, बाबा, आता लाकूड संपलंय, जमवून घे." तिने नाक ओढलं. "चाळीस वर्षं डोकी करतेय मी. शेपटी बघून डोकं फोडायची पाळी कधी आली नव्हती."

इतकी वर्षं धाकटीने एका शब्दाची वाट बघितली होती, आणि मिळाला तेव्हा तो तिच्या अंदाजापेक्षा इतका मोठा होता की कुठे ठेवावा हेच तिला समजेना. डोळ्यांतून पाणी लाकडावर पडायला लागलं तशी थोरलीने ते पदराने टिपलं. लाकडावरचं टिपलं. ओलं लाकूड पटाशीला चिकटतं.

"मग मी जाणार हे कळल्यावर 'बरं' काय म्हणालात?"

"काय म्हणू? थांब म्हणायला हक्क लागतो. तो मी घालवून बसले होते."

दोघींनी उरलेली चार बोटं संध्याकाळपर्यंत भरून काढली. दोन खोबणी पाडल्या. रंगाऱ्याने पुन्हा सरस गरम केला, आणि या वेळी दोन्ही खुंटे आवाज न करता आत गेले.

ट्रकबरोबर सरही आले होते. मकर दारापाशी उजेडात उभा होता, कान पुढे केलेला, शेपटी उचललेली, रंगाच्या एका पातळ हाताने नुकताच ओला झाल्यासारखा. सरांनी बोकडाच्या मानेवर हात ठेवला आणि तो मागे नेत नेत शेपटीच्या टोकापर्यंत नेला. मग परत आणला. मग भिंतीवरच्या आपल्या चित्राकडे बघितलं.

"मी इथे एक रेघ मारली होती," ते म्हणाले. "ती कुठे गेली?"

थोरली म्हणाली, "हिला विचारा. हिनेच घालवली."

सरांनी धाकटीला विचारलं, धाकटीने सांगितलं, ओल्या बटांचं सांगितलं, आणि सर ऐकत राहिले. थोरली शेजारीच उभी होती आणि मध्येच एकदा म्हणाली, "नीट सांग, घाई करू नकोस." ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे सर हलले. बारा राशी दोरांनी बांधून ट्रक गेला, आणि दुकानात एकदम रिकामं रिकामं झालं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. धाकटीचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. थोरली खराट्याने ढलप्या एका बाजूला लोटत होती. रंगारी ओंडक्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होता.

"आई, गाडी उद्या किती वाजता पोचते?" लेकीने विचारलं. "ह्यांना पाठवते न्यायला. तुमची खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावले."

धाकटीने सामानाकडे बघितलं. रंगाऱ्याकडे बघितलं. रंगाऱ्याने चोळायचं थांबवलं होतं, आणि तो हलकेच मान डोलावत होता, नक्की कशाला ते त्याने सांगितलं नाही.

"येतोय ना," धाकटी म्हणाली. "येणार तर. भेटायला येतोय, पंधरा दिवस."

लेकीने पलीकडून विचारलं, "भेटायला?"

"हो गं. भेटायला."

खराटा थांबला होता. थोरली पाठमोरी उभी होती, आणि तशीच, मागे न वळता म्हणाली, "पंधरा दिवस कसले? आठ खूप झाले. सांग तिला, इथे कामं पडलीयत."

"आठच दिवस गं," धाकटीने फोनमध्ये सांगितलं. "इथे कामं पडलीयत."

दुकानात त्या वेळी एकही काम नव्हतं.